कोर्लईची बोली, नवगावची मराठी

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कोर्लई येतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी आणि मध्ये घुसलेल्या डोंगरसोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला. बहुतेक पर्यटक किल्ला आणि दीपगृह बघतात आणि काशीदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र थोडा वेळ थांबलं, तर कानावर वेगळंच काही पडतं. मासळीचा भाव, पोरांची शाळा, शेजारणीचं दुखणंखुपणं असं सगळं रोजचं बोलणं तिथे ज्या भाषेत चालतं, ती मराठी नाही आणि कोकणीही नाही. लिस्बनहून आलेल्या माणसाला तिच्यातले शब्द ओळखीचे वाटतील, पण बोलणं सरळ उमगणार नाही. गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती बोलणारी माणसं आहेत जेमतेम हजारभर.

पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला तो १५२१ च्या सुमारास. शिपाई, व्यापारी, धर्मगुरू आले. स्थानिक माणसं ख्रिस्ती झाली, लग्नं झाली, चाकरी सुरू झाली आणि दोन्हीकडच्या बोलण्यातून एक नवी भाषा घडली. भाषाशास्त्रात अशा भाषेला क्रिओल म्हणतात. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली करावं लागलं. सत्ता गेली, सैन्य गेलं, शहर ओस पडलं. भाषा मात्र राहिली. आज त्या घटनेला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

राज्य नाही, शाळा नाही, छापलेलं पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. तरीही एक बोली दहा-बारा पिढ्या हातोहात पुढे गेली, ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्या जडणघडणीवर सबंध ग्रंथ लिहिला. त्यांनी तिच्या टिकण्याची जी कारणं दिली, ती ऐकायला फारशी सुखाची नाहीत. कोर्लईचे ख्रिस्ती धर्माने वेगळे, म्हणून भोवतालच्या हिंदू-मुसलमानांशी सोयरीक नाही. मूळ जात खालची मानलेली, म्हणून वरच्या जातींतून आलेल्या ख्रिस्त्यांशीही नाही. तिन्ही बाजूंनी पाणी. लग्नं वस्तीतल्या वस्तीत, शेती आणि मासेमारी वस्तीच्याच आधाराने. ज्या भाषेत बाळाला थोपटलं तिच्यातच त्याचं लग्न ठरलं आणि तिच्यातच त्याच्या म्हातारपणीची भांडणं झाली. ही बोली जपण्याचं कुणी ठरवलं नव्हतं. दुसरीत बोलण्याचा प्रसंगच क्वचित येत होता.

मराठीचा शेजार मात्र या बोलीच्या हाडामांसात उतरला आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं. कोर्लईत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. पोर्तुगीज माणूस 'घर मारियाचं' अशा क्रमाने बोलतो, कोर्लईचा माणूस 'मारियाचं घर' असाच क्रम लावतो. मराठीतून उचललेल्या क्रियापदांसाठी तर या बोलीने वेगळा घाटच तयार केला: मराठी धातू घ्यायचा, शेवटी 'उ' लावायचा आणि पुढे पोर्तुगीज वळणाने चालवायचा. शब्द एकीकडचे आणि त्यांची मांडणी दुसरीकडची अशी ही वीण निरक्षर माणसांनी, कुठल्याही व्याकरणकाराच्या मदतीशिवाय घातली. एखाद्या राजवाड्याइतकंच हे रायगड जिल्ह्याचं वैभव आहे, आणि जिल्ह्याच्या कुठल्याही माहितीपत्रकात ते ठळकपणे असायला हवं.

१९८६ मध्ये खाडीवर पूल झाला. त्याआधीच, साठच्या दशकात, चर्चमधली पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंची परंपरा संपली होती आणि उपासना मराठीत होऊ लागली होती. शाळा मराठीच. पुलामुळे रेवदंडा, अलिबाग, मुंबई जवळ आली. नोकऱ्या आल्या, बाहेरच्या सोयरिकी आल्या. यातलं काहीही थांबवावं असं कुणीही म्हणणार नाही, कारण जातीच्या कुंपणाने वाचवलेली भाषा हा काही कुणाला सांगण्यासारखा उपाय नाही. पण हे कुंपण मोडल्यावर भाषा आपोआप टिकत नाही. तिला टिकवायचं तर आता जाणूनबुजून काही करावं लागतं. जगातल्या शेकडो छोट्या भाषांपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे.

वेळेवर काही झालं नाही तर काय होतं, तेही याच भाषाकुळात पाहायला मिळतं. कोचीच्या परिसरात पोर्तुगीज वळणाची अशीच एक क्रिओल बोली शतकानुशतकं बोलली जात होती. वायपीन बेटावरचे विल्यम रोझारिओ हे ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ. ते २० ऑगस्ट २०१० रोजी वारले. त्याआधी भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो कार्दोझो यांनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं म्हणून ते आज ऐकता तरी येतं.

भाषा निसटण्याची दुसरी वाट कोर्लईच्या शेजारीच पाहायला मिळते. तिथून किनाऱ्याने उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, अलिबागच्या पलीकडे नवगाव आहे. बेने इस्रायली या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज याच किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचलेली मूठभर माणसं इथे वसली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणू लागलं. नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं कोकणातल्या गावांचा नकाशाच आहेत. मराठी ही त्यांची घरची भाषा. त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली आणि वल्हांडणाच्या सणाला वाचायची हग्गादाही एकोणिसाव्या शतकात मराठीत छापली. एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, तर पोहे, गूळ, ओलं खोबरं असं सगळं कोकणातलंच.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या समाजाचा बराच मोठा भाग तिकडे गेला. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेवा अशा गावांत मराठी घरं उभी राहिली. तिथल्या मराठीसाठी झटणारी माणसंही होती. नोआ मस्सिल यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिथून काढलं आणि नेटाने चालवलं. १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषद जेरुसलेमला भरली. पण तिथे जन्मलेल्या पिढीचं बोलणं हिब्रूत आहे. आजीला मराठी येते, आईला कळते, नातवंडाला सणांची आणि पदार्थांची नावं माहीत असतात. ज्या समाजाने कोकणात शतकानुशतकं आपला धर्म सांभाळला आणि मराठीही आपली केली, त्याची मराठी दोन पिढ्यांत उतरणीला लागली.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या हिब्रूने ही मराठी मागे सारली, ती स्वतःच घरातल्या बोलण्यातून जवळपास नाहीशी झालेली भाषा होती. प्रार्थनेत होती, ग्रंथांत होती, पत्रव्यवहारात होती. आई बाळाला रागे भरते ती भाषा मात्र ती शतकानुशतकं नव्हती. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि त्यांनी घरात फक्त हिब्रू बोलायचा निश्चय केला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलाच्या कानावर दुसरी भाषा पडू नये म्हणून त्यांनी केलेली सक्ती इतकी कठोर होती की ती वाचताना आजही त्या पोराची दया येते. त्या एका घराने भाषा जिवंत केली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. ते काम वसाहतींतल्या बालवाड्यांनी, शिक्षकांनी आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्या माणसांना एका सामाईक भाषेच्या लागलेल्या गरजेने केलं. या यशाची किंमत यिडिश, लादिनो, यहुदी अरबी या यहुद्यांच्या घरच्या भाषांनी आणि कोकणातल्या मराठीने मोजली. एका भाषेला जीवदान देताना दुसऱ्या कितीतरी भाषा घराबाहेर निघतात, हे भाषाप्रेमाच्या उत्साहात सहज नजरेआड होतं.

समाजभाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी आयुष्यभर हाच विषय धरला. ते स्वतः यिडिशभाषक घरातले. १९९१ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी अडचणीतल्या भाषांसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. वरच्या पायऱ्यांवर विद्यापीठं, सरकार, प्रसारमाध्यमं. खालच्या पायऱ्यांवर उरलेसुरले वृद्ध. या शिडीतली कळीची पायरी सहावी. घर, शेजार आणि त्यातून म्हाताऱ्यांकडून मुलांकडे होणारं भाषेचं संक्रमण तिथे घडतं. ही पायरी ढासळली असेल तर वरच्या मजल्यांवर ओतलेला पैसा आणि श्रम भाषेला पुढच्या पिढीत नेऊ शकत नाहीत, असं त्यांचं आग्रहाचं म्हणणं होतं. त्यावर वाद झाले, पण ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्यातल्या बहुतेकांचा अनुभव या म्हणण्याच्या बाजूने गेला.

स्थलांतरित घरांत ही पायरी साधारण तीन पिढ्यांत ढासळते. पहिली पिढी जुन्या भाषेत जगते आणि नवी कामापुरती शिकते. दुसरी दोन्ही बोलते, पण शिक्षण, मित्र आणि पगार नव्या भाषेत असतात. तिसरीकडे जुन्या भाषेतले काही शब्द आणि सूर पोचतात.

हे घडताना कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण एका दिवसात काहीच तुटत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो. सांगलीची आजी विचारते, "काय रे सोन्या, जेवलास का?" न्यू जर्सीतला नातू म्हणतो, "येस आजी." "काय खाल्लंस?" "पास्ता." "शाळेत काय झालं आज?" यावर तो आईकडे बघतो, कारण शाळेतलं भांडण सांगायला लागणारी मराठी त्याच्याकडे नाही. प्रश्न त्याला पूर्ण कळलेला असतो. आई मधे पडून दोन वाक्यांत सांगून टाकते. आजीला उत्तर मिळतं, नातू सुटतो आणि संभाषण पुढे जातं. दर रविवारी असंच झालं की बाराव्या वर्षी त्याला मराठी समजते पण बोलता येत नाही. मुलगा गप्प बसतो तो आजीवर माया नाही म्हणून नव्हे, तर आपलं बोलणं मोडकं वाटेल, सगळे कौतुकाने हसतील, या संकोचाने. घरात दुसरं भावंड असेल तर उतार आणखी वाढतो. थोरला शाळेतून इंग्रजी घरात आणतो, धाकटं त्याच्याशी इंग्रजीतच बोलायला शिकतं, आणि आईबापांची मराठी दोन मुलांच्या आपसातल्या इंग्रजीपुढे एकटी पडते. यासाठी आता न्यू जर्सीपर्यंत जायचीही गरज राहिलेली नाही. कोथरूडच्या आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्येही मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं मिळतात.

राजाश्रयाने हा उतार रोखता येतो का, याचं उत्तर तंजावरने केव्हाच दिलं आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तिथे सत्ता स्थापली आणि १८५५ मध्ये राजाला पुरुष वारस नसल्याचं कारण देऊन कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. मधल्या पावणेदोनशे वर्षांत कावेरीच्या काठावर मराठीचा जो संसार उभा राहिला, तो थक्क करणारा आहे. शाहजीराजांनी मराठीत नाटकं लिहिली. सरफोजीराजे दुसरे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केलं, छापखाना काढला आणि त्यातून १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. महाराष्ट्रात मराठी मुद्रण रुजण्याच्या आधीची ही गोष्ट. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरला गेला. हजारो मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे त्या ग्रंथालयात आजही आहेत.

राज्य गेल्यावर यातलं किती पुढच्या पिढीत उतरलं? ग्रंथ ग्रंथालयात राहिले, लेख दगडावर राहिला. बोलणं मात्र घरांनी सांभाळलं. कुंभकोणम, तंजावर, चेन्नईतल्या दाक्षिणात्य मराठी कुटुंबांत शेजारपाजारची, बाजाराची आणि शाळेची भाषा तमिळ. उंबऱ्याच्या आत मराठी. या समाजाने सर टी. माधवरावांसारखा त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचा दिवाण दिला. त्यांच्या घराघरांतली मराठी तमिळ हेल घेऊन आणि इकडे मागे पडलेले शब्द सांभाळून आजही बोलली जाते, जरी ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. सोयरिकी समाजातच होत होत्या आणि सासू-सून, नणंद-भावजय यांचा सगळा व्यवहार मराठीत होता, तोवर लिपीशिवायही भाषा चालली. आता मुलं बंगळुरूला आणि परदेशी जातात, लग्नं समाजाबाहेर होतात, आणि दोघांची सामाईक भाषा इंग्रजी ठरते. कोर्लई आणि तंजावर यांच्यात कुठलंही साम्य दिसू नये इतकी ती वेगळी आहेत. एक गावकुसापलीकडच्यांची बोली, दुसरी राजदरबाराची. तरी दोन्ही ज्या आधारावर टिकल्या तो एकच आहे आणि दोन्हींपुढची आजची अडचणही एकच आहे.

मॉरिशसचा अनुभव याला पूरक आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे गणेशोत्सव इतक्या निष्ठेने करतात की गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मराठी सरकारी शाळांत शिकवली जाते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तिचा अभ्यास होतो, मराठी नाटकांचा महोत्सव होतो, रत्नागिरीकडची जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. घरात मात्र मराठी कुटुंबंसुद्धा बहुतेक मॉरिशसची क्रिओल बोलतात. तरीही या शाळांना आणि नाटकांना कमी लेखू नये. घरातून गेलेली भाषा शाळेत शिल्लक असली की परतीची वाट तरी उरते.

ती वाट प्रत्यक्ष चालून दाखवली ती न्यूझीलंडच्या माओरींनी. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आजी आणि नातू यांच्यातला तुटलेला धागा जुळवण्याचा एवढा विचारपूर्वक प्रयत्न त्याआधी क्वचितच कुठे झाला होता.

१८६७ च्या कायद्याने माओरी मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या आणि शिक्षण इंग्रजीत होऊ लागलं. पुढे शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांनी मोठं झाल्यावर आपल्या मुलांशी माओरी बोलणं टाळलं. आपण भोगलं ते मुलांच्या वाट्याला येऊ नये एवढाच हेतू. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी खेड्यांतून शहरांत आले, इंग्रजीभाषक शेजारात विखुरले आणि भाषेला राहायला जागा उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी माओरी शाळकरी मुलांपैकी दहातली नऊ मुलं माओरी बोलत. १९७५ पर्यंत शंभरातली पाचही नव्हती. १४ सप्टेंबर १९७२ रोजी तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला देण्यात आला: आमची भाषा शाळांत शिकवा.

शाळांत विषय सुरू झाला तरी बोलणारी मुलं तयार होईनात. तेव्हा माओरी ज्येष्ठांनी आपल्यापाशी नेमकं काय शिल्लक आहे ते पाहिलं. आजी-आजोबा अस्खलित होते. दोन-तीन वर्षांची मुलं कुठलीही भाषा सहज उचलतात. मधली पिढी, म्हणजे आईबाप, भाषेला मुकलेली होती. मग मधल्या पिढीवर विसंबायचं कशाला? १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. नावाचा अर्थ भाषेचं घरटं. मुलांनी दिवसभर आजी-आजोबांच्या सोबतीत राहायचं. खाणं, झोपणं, गाणी, रुसवेफुगवे, नाक पुसणं, सगळं माओरीत. तिथे भाषेचा तास नव्हता, पाठ नव्हता, परीक्षा नव्हती. घरात जे घडायला हवं होतं ते दिवसाच्या उजेडात, समाजाच्या जागेत घडवून आणलं. वर्षभरात अशी शंभरेक केंद्रं उभी राहिली.

केंद्रातून बाहेर पडलेली मुलं इंग्रजी शाळेत गेली की वर्षभरात भाषा विसरू लागली. म्हणून पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती मराएमध्ये, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, माओरी माध्यमाची शाळा काढली, आधी स्वतःच्या बळावर. १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, २००४ मध्ये दूरचित्रवाणी वाहिनी आली. खालून वर असा हा क्रम होता: आधी मूल, मग शाळा, मग कायदा. मधल्या पिढीसाठीही सोय झाली. कातेरिना मताइरा आणि न्गोई पेवाइरंगी या दोघींनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रौढांसाठी 'ते आताआरांगी' ही पद्धत उभी केली. समोर वेगवेगळ्या रंगांच्या आणि लांबीच्या लाकडी कांड्या ठेवायच्या. लाल कांडी घे, निळी तिला दे, दोन लांब कांड्या बाजूला ठेव, अशा साध्या वाक्यांतून वही-पेन्सिल न वापरता फक्त बोलत शिकायचं. चूक झाली तर कुणी हसायचं नाही आणि शिकणाऱ्याला उत्तर पुरवायचं नाही, त्याला वेळ द्यायचा. लहानपणी ज्या भाषेसाठी घरात लाज शिकवली गेली, ती भाषा पन्नाशीत पुन्हा बोलायला हे नियम फार मोलाचे ठरले.

याचा शेवट गोड झाला असं म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर घरट्यांतली मुलांची संख्या घटली. आजीआजोबांची ती अस्खलित पिढी वयोमानाने गेली. २०२३ च्या जनगणनेत माओरी बोलता येते असं सांगणारे दोन लाख तेरा हजारांहून अधिक भरले, देशाच्या लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या थोडे वर. चाळीस वर्षांपूर्वी ज्या भाषेच्या मृत्यूची तारीख काढायला लोक बसले होते, तिच्या बाबतीत हा आकडा फार मोठा आहे. पण आता तिथले कार्यकर्ते पुन्हा घराकडेच वळले आहेत, कारण शाळेत माओरी बोलणारं मूल स्वयंपाकघरात इंग्रजीच बोलतं, हे त्यांच्या लक्षात आलं आहे. हवाईच्या लोकांनी हाच नमुना घेऊन १९८४ मध्ये आपली पहिली 'पुनाना लेओ' बालवाडी काढली आणि अठरा वर्षांखालचे पन्नासही भाषक उरलेले नसताना भाषेला पुन्हा मुलांच्या तोंडी आणलं.

हे सगळं ध्यानात घेतलं की परदेशातल्या मराठी शाळांकडे पाहण्याची नजर बदलते. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ काम करतं. त्याच्या पुढाकाराने गावोगावी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात आणि त्यांच्या अभ्यासक्रमाला पुण्याच्या भारती विद्यापीठाची साथ आहे. नोकरी सांभाळून, पगार न घेता तिथे शिकवणाऱ्या आया आणि बाप फार मोठं काम करत आहेत. तरी हिशोब असा आहे: दिवसाचे चौदा तास जागं असणाऱ्या मुलाला आठवड्याला अठ्ठ्याण्णव तास मिळतात. त्यातले दोन तास शाळेचे. उरलेल्या शहाण्णव तासांत मराठीत काय होतं, यावर त्या दोन तासांचं फळ अवलंबून आहे.

जिथे मुलं खरोखर बोलती राहिली, त्या घरांत काही गोष्टी सारख्या आढळतात. एखादा तरी माणूस मुलाशी कायम मराठीतच बोलतो आणि मुलालाही त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणं अवघड वाटतं. मूल इंग्रजीत बोललं तर तो रागावत नाही, तेच वाक्य सहज मराठीत म्हणून पुढचा प्रश्न विचारतो. एखादं काम, मग ते पोळ्या लाटणं असो, क्रिकेट बघणं असो की झोपताना गोष्ट सांगणं असो, मराठीचंच असतं. उन्हाळ्यात दोन महिने मूल गावी राहतं, चुलतभावंडांशी भांडतं आणि भांडण जिंकण्यासाठी त्याला मराठीच लागते. व्हिडिओ कॉलवर आई दुभाषी होत नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि शाळेतलं ते भांडण नातवाला स्वतःच्या अडखळत्या मराठीत आजीला सांगावं लागतं. आजीकडे वेळ असतो.

दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, मागे पडतं, ही भीती एकेकाळी शिक्षक आणि डॉक्टरही घालत. त्या सल्ल्यावर अनेक घरांनी रातोरात घरची भाषा सोडली. पुढच्या संशोधनाने ही भीती निराधार ठरवली. मूल दोन भाषा मिसळून बोलतं तेव्हा हाताशी असलेला शब्द ते उचलतं, एवढंच. १९९१ मध्ये लिली वाँग फिलमोर यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांचा जो अभ्यास मांडला, त्यातून उलटीच काळजी पुढे आली. फार लहान वयात इंग्रजीत ढकललेली मुलं घरची भाषा टाकतात आणि मग आईबाप मुलांना सल्ला देऊ शकत नाहीत, मुलं आईबापांना मनातलं सांगू शकत नाहीत. दोघं एका घरात असतात, पण मोठ्या गोष्टी बोलायला दोघांपाशी मिळून एकही भाषा उरत नाही.

परदेशी मराठीबद्दल वाटणारी ही कळकळ महाराष्ट्रातल्या लहान भाषांच्या वाट्यालाही यायला हवी. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि राज्यभर आनंद झाला. त्याच राज्यात मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत बसतं तेव्हा बाईंची मराठी त्याला परकी असते. बुलढाण्यातल्या जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही भाषा बोलणारी माणसं दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं आजवर जुळवता आलेलं नाही. निहाली बोलणारे पिढ्यान्पिढ्या कोरकूच्या आणि आता मराठीच्या सावलीत आहेत. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला. राज्यात किती भाषा आहेत, हे त्यातून सामान्य वाचकाला प्रथमच एकत्र दिसलं.

या भाषांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय सांगितली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथे मातृभाषेचं माध्यम सांगितलं आहे. मेळघाटात अंगणवाड्या आहेत, मुलं आहेत, आणि माओरींकडे १९८२ मध्ये होती तशी अस्खलित बोलणारी आजी प्रत्येक पाड्यात आहे. तिला अंगणवाडीत बसवून मानधन द्यायचं आणि मुलांशी तिच्याच भाषेत बोलू द्यायचं, एवढ्याने सुरुवात होते. निहालीच्या बाबतीत हे काम याच पिढीत करावं लागेल.